खाण्यातले प्रिझर्व्हेटिव्ह, रंग आणि पावडरी: खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

उन्हाळा लागला की आपल्याकडे गच्च्यांवर कुरडया, बिबडे, नागलीचे पापड पडतात, कैऱ्या फोडल्या जातात, आणि माझ्याकडे प्रश्नही त्याच दिवसांत जास्त येतात. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेय आणि बचत गटाच्या बायांना ट्रेनिंग देते, त्यामुळे कोणी ताई फोन करून विचारते, कोणी भाऊ बाजारात थांबवून विचारतो, कोणी व्हॉट्सअॅपवर आलेला घाबरवणारा मेसेज तसाच मला पाठवून देतं. बघितलं तर पाकिटावर ज्याचा नंबर छापलेला आहे त्याला लोक खूप घाबरतात आणि कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या सुट्ट्या रंगाला कोणीच घाबरत नाही, पायजे ते याच्या उलट. म्हणून सगळे प्रश्न एका जागी घेतलेत.

अॅडिटिव्ह आणि प्रिझर्व्हेटिव्ह एकच का?

नाही. पदार्थ टिकावा, दिसावा, दाटसर व्हावा, चव वाढावी, तेल खवट होऊ नये अशा कुठल्याही कामासाठी जे मुद्दाम टाकलं जातं ते अॅडिटिव्ह. त्यातलं जे खराब होणं थांबवतं ते प्रिझर्व्हेटिव्ह. म्हणजे रंग हा अॅडिटिव्ह आहे पण प्रिझर्व्हेटिव्ह नाही. आणि आपल्याकडच्या नियमांत प्रिझर्व्हेटिव्हचे दोन वर्ग केलेले आहेत, पहिल्या वर्गात मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, मध, खाद्यतेल हे सगळं येतं आणि दुसऱ्या वर्गात बेंझोएट, सॉर्बेट, सल्फाइट, नायट्राइट वगैरे. त्यामुळे "आमच्या घरात प्रिझर्व्हेटिव्ह चालत नाही" असं कोणी म्हटलं तर लोणच्याच्या बरणीकडे एकदा बघा, ती सगळी पहिल्या वर्गावरच उभी आहे.

पाकिटावर आयएनएस २११, ३३०, ४७१ असं लिहिलेलं असतं, ते काय असतं?

तो जगभर चालणारा ओळख नंबर आहे. युरोपात त्याच्या आधी ई लावतात, आपण आयएनएस म्हणतो, बहुतेक नंबर तेच. ढोबळ मानाने १०० ते १९९ रंग, २०० पासून प्रिझर्व्हेटिव्ह, ३०० पासून तेल खवट होऊ न देणारे आणि आंबटपणाचे, ४०० पासून दाटपणाचे, ५०० च्या घरात सोडा-क्षार, ६०० मध्ये चव वाढवणारे, ९५० च्या आसपास गोडवा देणारे. ३३० म्हणजे सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूसत्व. ३०० म्हणजे क जीवनसत्व. ५०० (ii) म्हणजे आपला खायचा सोडा. ३२२ लेसिथिन, बहुतेक सोयाबीनमधून काढलेलं. नंबर दिसला म्हणजे विष दिसलं असं नाही, आणि नंबर आहे म्हणजे बिनधास्त खा असंही नाही, नंबर वाचता आला पायजे एवढंच.

४७१ आणि ६३१ मध्ये डुकराची चरबी असते असा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. खरी गोष्ट अशी की ४७१ (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं) वनस्पती तेलापासूनही बनतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही बनू शकतं, ६३१ चंही तसंच, ते मांस-मासळीतून निघू शकतं आणि साखर-स्टार्च आंबवूनही तयार होतं. आपल्याकडे त्यासाठी पाकिटावर खूण आहे. हिरवी खूण असेल तर आतलं अॅडिटिव्हसुद्धा शाकाहारीच असायला पायजे, तसा कायदा आहे. परदेशातून कोणी आणलेल्या पाकिटावर ही खूण नसते, तिथे मात्र चौकशी करा.

किती चालेल हे कोण ठरवतं? कंपन्याच ठरवतात ना?

नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांची मिळून एक तज्ज्ञ समिती १९५६ पासून हे काम करतेय, तिला जेक्फा म्हणतात. पद्धत अशी, प्राण्यांना आयुष्यभर वेगवेगळ्या मात्रेत ती वस्तू देऊन बघतात, ज्या मात्रेला काहीच त्रास दिसत नाही ती मात्रा पकडतात, आणि साधारण त्याच्या शंभराव्या भागाएवढी माणसाला रोज, आयुष्यभर चालेल असं धरतात. ती माणसाच्या वजनावर असते, वजनाच्या किलोमागे अमुक मिलिग्रॅम. मग आपल्याकडे २००६ च्या कायद्याखाली आलेली एफएसएसएआय, म्हणजे देशाची अन्न सुरक्षा संस्था, कुठल्या पदार्थात काय आणि किती हे ठरवते, अॅडिटिव्हचे नियम २०११ चे आहेत आणि त्यात सारखे बदल होत असतात.

हिशोब करून बघू, कारण हिशोब केला की निम्मी भीती जाते. बेंझोएटची युरोपातली मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम (जेक्फाने २०२१ मध्ये ती २० पर्यंत वाढवली, पण आपण कडकच धरू). ६० किलोच्या माणसाला झाले ३०० मिलिग्रॅम. समजा लोणच्यात किलोला २५० मिलिग्रॅम टाकलंय आणि तुम्ही जेवताना २० ग्रॅम लोणचं घेतलं, तर पोटात गेलं ५ मिलिग्रॅम. ३०० कुठे आणि ५ कुठे. आता हाच हिशोब १५ किलोच्या पोरासाठी करा, त्याची मर्यादा ७५. त्याने उन्हाळ्यात रोज दोन बाटल्या रंगीत कोल्ड्रिंक प्यायली, वर जॅम, वर सॉस, तर ते पोरगं ७५ च्या जवळ जाऊ शकतं. म्हणजे मोठ्यांच्या लोणच्यापेक्षा मुलांच्या बाटलीकडे जास्त लक्ष पायजे.

सोडियम बेंझोएटने (२११) कॅन्सर होतो का?

बेंझोएट स्वतः कॅन्सर करतं असं दिसलेलं नाही. लिव्हर त्याला ग्लायसिनशी जोडतं आणि ते लघवीवाटे निघून जातं, शरीरात साठत नाही. दालचिनीत, क्रॅनबेरीत, अगदी दह्यातसुद्धा बेंझोइक अॅसिड थोडं आपोआप असतं.

पण एक गोष्ट खरी आहे आणि ती लपवायची नाही. बेंझोएट आणि क जीवनसत्व एकाच बाटलीत असलं आणि बाटली उन्हात, गरमीत पडून राहिली तर त्यातून अगदी थोडं बेंझीन तयार होऊ शकतं, आणि बेंझीन हे नक्की कॅन्सर करणारं आहे. १९९० च्या सुमाराला हे लक्षात आलं, २००६ च्या आसपास बऱ्याच देशांत तपासण्या झाल्या आणि कंपन्यांनी रेसिपी बदलल्या. सापडलेलं प्रमाण बहुतेक ठिकाणी फार कमी होतं. तरी आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि दुकानाच्या बाहेर उन्हातच क्रेट रचून ठेवलेले असतात, तर बाटली घेताना आतली, सावलीतली मागा. दुकानदार भाऊंनी पण क्रेट आत घ्यावेत, एवढं तर करता येतं.

आमची आजी काही पावडर टाकायची नाही, तिचं लोणचं वर्षभर टिकायचं, मग आताच कशाला लागतं?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण आजी जे करायची ते पूर्ण शास्त्र होतं. कैरी धुतली की फडक्यावर पुसून कोरडी, फोडीत पाण्याचा थेंब नाही. मीठ फोडींच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत, ते फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि जंतूंना प्यायला पाणी उरत नाही. कैरीचा आंबटपणा स्वतःच रखवाली करतो. मोहरीच्या डाळीतला तिखट झणका जंतू मारणारा असतो. आणि वर चार बोटं तेल, म्हणजे हवा बंद, बुरशीला हवा लागतेच. बरणी उन्हात तापवलेली, चमचा कोरडा. पाच दारं, पाचही बंद.

आता डॉक्टरने मीठ कमी सांगितलं, तेल नको म्हणून वर तेलाचा थर नाही, फोडी मिक्सरमध्ये लहान केल्या, बरणी प्लॅस्टिकची आणि चमचा ओला. दारं तुम्ही उघडलीत, म्हणून एखादं कुलूप बाहेरून आणावं लागतं. आजीसारखं घालणार असाल तर पावडरीची काही गरज नाही. कमी मीठ-कमी तेलाचं पायजे असेल तर थोडं घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा, माझं मत विचाराल तर घरच्या खाण्याला हेच करा.

आम्ही बचत गटात लोणचं विकतो, बेंझोएट किती टाकायचं? चिमूटभर चालतं का?

चिमूट अजिबात नाही ताई. चिमटीत कधी पाव ग्रॅम येतं, कधी अर्धा, आणि आपल्याला एका किलोला लागतं साधारण पाव ग्रॅम. म्हणजे चिमटीच्या भरवशावर तुम्ही सहज दुप्पट टाकून बसाल, आणि सॅम्पल उचललं गेलं की फेल. सराफाकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा हजाराच्या आत मिळतो, पॉइंट झिरो वन ग्रॅम दाखवणारा, गटाने एक घ्याच. दहा किलोची बॅच करा म्हणजे अडीच ग्रॅम मोजणं सोपं जातं. मोजलेली पावडर दोन चमचे कोमट उकळलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा, मग मसाल्यात कालवा आणि मगच फोडी घाला. कोरडी भुरभुरली तर एका फोडीला भरपूर आणि दुसरीला काहीच नाही असं होतं. आणि पुडीवर फूड ग्रेड लिहिलेलं असलंच पायजे, केमिकलच्या दुकानातलं सुट्टं चालत नाही. बॅच सुरू करण्याआधी तुमच्या पदार्थाची आजची मर्यादा एफएसएसएआयच्या साइटवर बघून घ्या.

सरबतांसाठी एक वेगळी गोष्ट. लिंबू, कैरी, संत्र्याच्या स्क्वॉशला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (२२४) वापरतात, लिटरला ०.६ ग्रॅमच्या आसपास. पण जांभूळ, कोकम, डाळिंब असल्या लाल-जांभळ्या रंगाला ते वापरू नका, रंग उडून जातो, तिथे बेंझोएट.

भरीत डब्यात पॅक करून पुण्या-मुंबईला पाठवायचंय, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह टाकू का?

हे नीट वाचा, कारण यात जीवाचा धोका आहे. बेंझोएट आणि सॉर्बेट आंबट पदार्थातच काम करतात. बेंझोएटला तर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साडेचारच्या खाली लागतो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आंबट नाही, त्यामुळे तुम्ही लिमिटच्या दुप्पट टाकलं तरी ते आत नुसतं पडून राहील. आणि कमी आंबट, ओला पदार्थ, हवाबंद डबा, रूमच्या तापमानाला ठेवलेला, हे बोट्युलिझमच्या जंतूला लागतं तेच सगळं झालं. त्याचं विष अत्यंत घातक असतं, वासाला, चवीला कळेलच असं नाही, आणि त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, त्यासाठी १२१ डिग्रीला रिटॉर्ट, म्हणजे मशीनमध्ये दाबाखाली गरम, करावं लागतं. हिरव्या मिरचीच्या ठेच्याचंही असंच, बाटलीत बंद करायचा असेल तर लिंबू किंवा व्हिनेगरने पीएच ४.६ च्या बराच खाली आणा आणि मीटरने मोजा. ते जमत नसेल तर भरीत ताजं विका, फार तर फ्रोझन पाठवा. आपल्या जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय टॅग आहे, गिऱ्हाईक कमी नाहीत, पण डबा बंद करायची घाई नको.

जिलेबी, लाल शेव, म्हातारीचे केस यांतले रंग सेफ असतात का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी असलेले रंग म्हणजे टारट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२), पोन्सो फोर आर (१२४) वगैरे, ते ठरलेल्याच पदार्थांत आणि बहुतेक ठिकाणी किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. हळद, तिखट, मसाले, डाळी यांच्यात रंग घालायला परवानगीच नाही.

आणि दुसरे म्हणजे कपड्याचे, कागदाचे रंग, जे खाण्यात कधीच चालत नाहीत पण स्वस्त पडतात म्हणून येतात. मेटॅनिल यलो, रोडामाइन बी. २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडू आणि पुदुच्चेरीने गुलाबी म्हातारीचे केस विकायला बंदी घातली ती याच रोडामाइन बीमुळे, मग मार्चमध्ये कर्नाटकानेही ते केस आणि गोबी मंचुरियन यांतल्या रंगावर कारवाई केली. सारंगखेड्याच्या यात्रेत पोरं भडक गुलाबी काडी मागतात, तेव्हा आईबापांनी पांढरी मागावी, पांढरी म्हणजे नुसती साखर.

शेवभाजीच्या जाड तिखट शेवेचा रंग चांगल्या मिरचीचा येतो तेव्हा तो जरा विटकरी असतो आणि तळताना आणखी गडद होतो. जी शेव रश्शात टाकल्या टाकल्या रश्शाला नारिंगी करते आणि ताट धुतलं तरी जिचा डाग जात नाही ती मी परत घेत नाही.

रंगाने मुलं चिडचिडी, चंचल होतात हे खरं का?

काही मुलांत थोडा परिणाम दिसतो. २००७ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास आला, तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मुलं घेऊन, रंगांचं मिश्रण आणि सोबत बेंझोएट दिलं होतं. परिणाम लहान होता आणि सगळ्या मुलांत सारखा नव्हता, शिवाय रंगामुळे की बेंझोएटमुळे हे त्यातून वेगळं काढता आलं नाही. तरी युरोपने जुलै २०१० पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर सूचना छापायची सक्ती केली. रंगाने पोषण काहीच मिळत नाही, मग लेकराला कशाला द्यायचा, असं माझं साधं म्हणणं.

अजिनोमोटो म्हणजे स्लो पॉयझन का?

नाही. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून ती चव ओळखली, ते ग्लुटामेट, अजिनोमोटो हा त्याचाच क्षार. टोमॅटोत, मशरूममध्ये, चीजमध्ये, आईच्या दुधातही ते असतं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरचं पत्र छापून आलं की चायनीज खाल्ल्यावर मान बधिर होते, धडधडतं, आणि तिथून भीती पसरली. नंतरच्या चाचण्यांत रिकाम्या पोटी भरपूर मात्रा दिल्यावर काही जणांना थोडा वेळ त्रास दिसला, जेवणातल्या मात्रेत तो काही पक्का सिद्ध झाला नाही. आपल्याकडे मात्र पाकिटावर बारा महिन्यांखालच्या बाळांना आणि गरोदर बायांना नको अशी सूचना असते, ती पाळा.

माझी हरकत दुसरीच आहे, गाडीवर ते चमच्याने टाकतात आणि त्याच्यासोबत मीठ, सोया सॉस, रंग आणि दहादा तापलेलं तेल येतं. त्या तेलासाठी २०१८ पासून नियम आहे, तळून तळून त्यातले पोलर घटक (तेल बिघडलं की तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. तेल काळं, चिकट, फेसाळ दिसलं की तिथून उठा. आणि भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका, शाई तेलात उतरते.

केळी आणि आंबे पावडर टाकून पिकवतात, ते खायचे की नाही?

हे प्रिझर्व्हेटिव्ह नाही, पण रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बाइड, फळं पिकवायला त्यावर बंदी आहे. त्याला ओल लागली की अॅसिटिलीन गॅस निघतो, आणि बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो, खरा धोका त्याचा, आणि सगळ्यात आधी तो हाताळणाऱ्या हमालाला.

रायपनिंग चेंबर, म्हणजे फळं पिकवायची बंद खोली, ही एकदम वेगळी गोष्ट, लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात आणि त्यात आपल्याच शेतकऱ्याचं नुकसान होतं. चेंबरमध्ये इथिलीन गॅस असतो, १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे. हा तोच गॅस आहे जो पिकणारं फळ स्वतः सोडतं. थंड खोलीत, मोजून दिलेल्या इथिलीनवर पिकलेली केळी निर्धास्त खा.

आंब्याचं मात्र आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी सांभाळा. आखाजीला आमरस पायजेच म्हणून बाजारात घाई होते, आणि घाईत कार्बाइडची पुडी पेटीत जाते. वरून एकसारखा पिवळा, वास नाही, आतून आंबट आणि कडक, असं असलं तर संशय घ्या, पण नुसत्या डोळ्याने खात्री होत नाही. कच्चे आंबे आणून घरी आढी लावली तर प्रश्नच मिटला. विकतचे आणले तर वाहत्या पाण्यात चोळून धुवा.

गूळ पिवळाधम्मक चांगला की काळपट?

काळपट, तांबूस. फार पिवळा करायला हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट टाकतात, रस पांढरा पडतो आणि गुळात सल्फर राहतं. जुने गुऱ्हाळवाले रानभेंडीच्या चिकाने रस साफ करायचे, अजूनही कुठे कुठे करतात, तो गूळ दिसायला कमी पण चवीला वेगळाच. खूप पिवळा गूळ काही दिवसांनी आपोआप काळा पडायला लागतो.

पापडखार बीपीवाल्यांना चालतो का?

पापडखार म्हणजे सोडियमचे क्षार, सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. उडदाच्या पिठाला तो लवचिक करतो आणि भाजल्यावर पापड फुलतो, त्यामुळे पूर्ण काढून टाकला तर पापड कडक होतो. विषारी नाही, पण सोडियम आहे, आणि वर मीठ वेगळं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, त्यात दोन उडीद पापड, लोणचं, शेव आली की काय उरतं बघा. बीपी असेल तर रोज एकच, तो पण तळलेला नको, भाजलेला.

मनुका खाल्ल्या की माझ्या नवऱ्याला दम लागतो, असं होऊ शकतं का?

हो, आणि हे हलक्यात घेऊ नका. पिवळ्या सोनेरी मनुकांना, सुक्या जर्दाळूंना रंग टिकावा म्हणून सल्फर डायऑक्साइड देतात (२२० ते २२८ नंबर). दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने अटॅक येऊ शकतो. म्हणून किलोला १० मिलिग्रॅमच्या वर सल्फाइट असेल तर लेबलवर सांगावंच लागतं. काळ्या मनुका बहुतेक बिनसल्फाइटच्या असतात, पण सुट्ट्यात लेबल नसतं तेव्हा पाकिटातल्या घ्या आणि डॉक्टरांना हे नक्की सांगा.

वेफर्सच्या पाकिटात हवा भरून फसवतात का? आणि ३१९ काय?

ती नुसती हवा नसते, नायट्रोजन असतो. ऑक्सिजन बाहेर गेला की तेल खवट होत नाही, आणि पाकीट फुगलेलं असलं की वेफर चुरत नाही. ३१९ म्हणजे टीबीएचक्यू, तेही तेल खवट होऊ देत नाही, तेलाच्या किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. केळी वेफर्स करणाऱ्या गटांना मी सांगते की ताजं तेल, जाड पाकीट आणि नायट्रोजनचं मशीन परवडत असेल तर ३१९ ची गरज बरीच कमी होते.

पाव-ब्रेडमध्ये काय असतं?

कॅल्शियम प्रोपिओनेट (२८२), बुरशी रोखायला. ते ठीक आहे. वाईट होतं पोटॅशियम ब्रोमेट, २०१६ च्या मे महिन्यात सीएसई या संस्थेने ब्रेडमध्ये ते सापडल्याचा रिपोर्ट दिला आणि जूनमध्ये एफएसएसएआयने त्यावर बंदी घातली.

शुगर फ्रीच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो असं वाचलं.

२०२३ च्या जुलैत कॅन्सरवर काम करणाऱ्या जागतिक संस्थेने अॅस्पार्टेमला (९५१) "शक्यता असू शकते" अशा गटात टाकलं, पुरावा मर्यादित आहे असं सांगूनच. त्याच वेळी जेक्फाने किलोमागे ४० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा तशीच ठेवली. चहातल्या दोन गोळ्यांनी तुम्ही त्याच्या जवळपासही जात नाही. फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा जन्मजात आजार असेल तर मात्र पूर्ण बंद.

"नो प्रिझर्व्हेटिव्ह" लिहिलेलं घेतलं की झालं ना?

नाही हो. मागची बाजू वाचा. जॅमवर नो प्रिझर्व्हेटिव्ह लिहिलेलं असतं पण त्यात निम्म्याहून जास्त साखर असते, तीच टिकवते. वेफर्सवर लिहिलेलं असतं, वेफर कोरडा असतो, त्याला तसंही लागत नाही. आणि खरंच काही नसेल तर तो पदार्थ लवकर बिघडणार, मग तारीख आणि फ्रिज दोन्ही सांभाळा.

हळद, तिखट, डाळ घरी कशी तपासू?

काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वर चमचाभर हळद टाका, हलवू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंगाची असेल तर पाणी गडद पिवळं होतं. तिखट पाण्यावर भुरभुरा, रंगाच्या लाल रेघा सरसर खाली उतरल्या तर भेसळ, आणि तळाचा गाळ बोटांत चोळून खरखरीत लागला तर विटेची पूड किंवा वाळू. तूरडाळ कोमट पाण्यात टाकल्याबरोबर पाणी पिवळंजर्द झालं तर पॉलिश नाही, रंग आहे. इंटरनेटवर अॅसिड टाकून बघायला सांगतात, ते बाथरूमचं अॅसिड स्वयंपाकघरात आणू नका.

सगळ्यात सोपं म्हणजे नंदुरबारच्या बाजारातून अख्खी मिरची आणा, देठ मोडून आत बघा, आत काळी-करडी बुरशी नाही ना, आणि गिरणीत समोर दळून घ्या. पथारीवर वाळताना पाऊस लागलेल्या मिरचीत, ओल लागलेल्या शेंगदाण्यात, मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष होऊ शकतं, ते लिव्हरचा कॅन्सर करतं आणि शिजवून जात नाही. हे कुणी टाकलेलं नसतं, आपोआप होतं, आणि माझ्या लेखी परवानगीच्या कुठल्याही प्रिझर्व्हेटिव्हपेक्षा जास्त घातक आहे.

लोणच्यावर पांढरी बुरशी आली, वरचं काढून खालचं खाल्लं तर?

नको. जे वर दिसतं ते बुरशीचं डोकं असतं, तिचे धागे खाली गेलेले असतात. मिठाचे पांढरे कण असतील तर ते पाण्यात विरघळतात, ते चालतं. केसाळ, मऊ, हिरवट-पांढरं असेल तर जीवावर आलं तरी अख्खी बरणी टाका, शेजारणीला किंवा गाईलाही देऊ नका.

संशय आला तर तक्रार कुठे?

अन्न व औषध प्रशासनाचं ऑफिस जिल्ह्याच्या गावी असतं, तिथे लेखी द्या. एफडीएचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५, एफएसएसएआयचा १८००११२१००. पाकीट, बिल आणि उरलेला माल फेकू नका, बॅच नंबर आणि चौदा अंकी लायसन्स नंबरचा फोटो काढा. २००६ च्या कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः फी भरूनही सॅम्पल तपासून घेऊ शकतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. सुट्टा माल असेल तर दुकानदाराकडून साधं का होईना बिल लिहून घ्या, बिलाशिवाय पुढे काही सरकत नाही.